मुरघासातला बुद्ध

"आई, माझा बुद्ध कुठंय?"

गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमधून मोनिका ओरडली, तेव्हा तिची आई सविता परातीत भाकरीचं पीठ मळत होती.

"कोन?"

"बुद्ध! माझं चित्र! खाटेखाली घडी करून ठेवलं होतं."

"आसंल की तितंच. चित्राला काय पाय फुटत्यात व्हय?"

पाय फुटत नाहीत हे खरं. पण हे चित्र काही दिवाणखान्यात टांगायचं, बोटभर चौकटीतलं नव्हतं. बावीस फूट लांब, अठरा फूट रुंद आणि वजनाला वीस-पंचवीस किलो. मोनिका त्यावर दीड वर्ष खपली होती. संगमनेर तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, माणसं कमी आणि वाढदिवस जास्त. चौकाचौकात शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात, आणि वाढदिवस उलटला की त्यांना कुत्रंही विचारत नाही. मोनिकानं हे जुने फ्लेक्स गोळा केले, कापले आणि त्यातून ध्यानस्थ बुद्ध उभा केला. म्हणजे, बसवला.

बुद्धाच्या डोक्यावरचे कुरळे केस पुढाऱ्यांच्या काळ्या गॉगलचे होते, पुरते चारशे गॉगल. मागची प्रभावळ त्यांच्या गळ्यातल्या सोनसाखळ्यांची. चीवर हळदीच्या बोर्डांच्या पिवळ्या-भगव्या रंगाचं, ओठ एका ब्यूटी पार्लरच्या पाटीवरचे, आणि कानात मोबाईलच्या जाहिरातीतले इयरफोन. खालचं कमळ मात्र पाहण्यासारखं होतं. त्याची एकेक पाकळी म्हणजे फ्लेक्सवर जनतेला नमस्कार करणारे कुणा ना कुणाचे जोडलेले हात.

पाहण्यासारखं म्हटलं खरं, पण अख्खं चित्र खुद्द मोनिकानंही पाहिलेलं नव्हतं. शेड जेमतेम दहा फुटांची. एक घडी उलगडायची, तेवढी चिकटवायची, मिटायची आणि दुसरी उलगडायची. सगळा हिशोब एका चौकटीच्या वहीतल्या आराखड्यावर.

आज ती सकाळपासून संगमनेरला गेली होती. चित्र टांगायला पाईप आणले, पाहते तर खाटेखाली नुसता उंदरांसाठी टाकलेला औषधाचा दाणा.

तेवढ्यात वडील आसाराम दुधाची बादली घेऊन आले.

"नाना, शेडमधलं माझं फ्लेक्सचं..."

"हां, ते व्हय! लई कामाला आलं बघ." आसारामनं बादली खाली ठेवली. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू पोरीनं आजच घराण्याचं नाव काढलं. "आज मुरघास भरला ना आपन. खड्डा फुल भरला, टॅक्टरनं दाबून झाला, आन दुकानदारानं दिलेला कागद निघाला बारा फूट आखूड! वरनं परतीच्या पावसाचं आभाळ आलेलं. आठ मानसं डोक्याला हात लावून बसली. मग मला तुजं फ्लेक्स आठवलं. आसं बसलं म्हनतीस, मापात शिवल्यागत!"

मोनिकानं पाईप खाली टाकले.

तिघंही खड्ड्यापाशी गेली. हिरव्या मक्याची कुट्टी करून खड्ड्यात दाबायची, वरून हवाबंद झाकायची आणि उन्हाळ्यात गाईंना घालायची, याला मुरघास म्हणतात. आसारामच्या सहा गाईंचा सगळा उन्हाळा त्या खड्ड्यात होता. वर प्लॅस्टिकचा कागद, कागद संपतो तिथून पुढे फ्लेक्सची पांढरी पाठ, कडेनं मातीचा बांध, आणि सगळ्यावर चाळीस जुने टायर.

"पालथं घातलंत?" मोनिकाचा आवाज चिरकला.

"व्हय. पालथंच."

"मला ते आत्ता काढून पाहिजे."

"आत्ता?" आसाराम हसायला लागला. "आगं, पंचेचाळीस दिस त्याला हात लावायचा न्हाई. हवा शिरली की बुरशी. मंग गाया तोंड लावीत न्हाईत. पंचेचाळीस दिसांनी काढ, धू, पूस, हाय तसं मिळंल. फ्लेक्सला काय हुतंय?"

मोनिका तिथंच बांधावर बसली आणि रडायला लागली. आता आसारामच्या ध्यानात आलं, की आपल्या हातून काहीतरी मोठं झालंय. त्यानं बायकोकडं पाहिलं.

"माज्याकडं काय बघताय?" सविता म्हणाली. "मी तुमच्या आठ मानसांचा च्या टाकीत हुते. तुमी शेडात शिरलेले मला काय सपान पडलं?"

मग मोनिकानं लपवून ठेवलेलं सगळं सांगितलं. डिसेंबरात पुण्याला मोठं प्रदर्शन होतं. अख्ख्या राज्यातून बारा जण घ्यायचे, अकरा ठरलेले, बाराव्या जागेसाठी मोनिका आणि नाशिकचा एक चित्रकार. निवड करणाऱ्या विजयमाला मॅडम येत्या रविवारी स्वतः गावात येऊन चित्र पाहणार होत्या. आणि मोनिकानं घरात शब्द दिला होता, की दिवाळीपर्यंत चित्रकलेचं काही जमलं नाही तर दूध संघाच्या ऑफिसात नोकरीला लागेन. आज बुधवार होता.

"मंग मला सांगायचं न्हाई व्हय?" आसाराम कळवळून म्हणाला.

"तुम्ही हसला असतात. मागं म्हणालात की, शिकून काय केलं, तर चिंध्या चिकटवल्या."

 आसाराम तसं म्हणाला होता खरं, आणि तेही चार माणसांत.

रात्री कुणी नीट जेवलं नाही. सकाळी मोनिका उठून पाहते तर आसाराम खड्ड्यावर. एकटाच टायर उचलून खाली टाकत होता. दहा-बारा टायर निघाले होते.

"नाना! काय करताय?"

"काडतो तुजं चित्र."

"आणि गाई?"

"बघू. कुनाकडून तरी चारा आनू."

"उन्हाळ्यात चारा कोण देणार आहे? ठेवा तो टायर!"

"न्हाई, काडनारच. माजी चूक हाय."

बाप टायर खाली टाकतोय, पोरगी तोच उचलून वर ठेवतेय, असा कार्यक्रम पाव तास चालला. शेवटी सविता शेणाचे हात तसेच घेऊन आली.

"ये, बापलेकी! गाई माज्या हायेत. धार मी काडती. त्येंच्या पोटावर पाय दिऊन मला चित्रबित्र काय नको, आन पोरीच्या नशिबावर पाय दिऊन मुरघासबी नको. पन मुरघास आता झालाय, त्यो ऱ्हाऊ द्या. नशिबाचं रविवारी बघू. टायर ठिवा वर!"

टायर वर गेले.

मोनिकानं मॅडमना फोन लावला. दीड महिन्यानं आलात तर चालेल का, असं चाचरत विचारलं. "अगं, सोमवारी यादी छापायला जाते," मॅडम म्हणाल्या. "रविवारी येतेच मी. आणि फोटो पाठवू नकोस, फोटोवर मी कधीच निवडत नाही. चित्र भिंतीवर नसलं तरी चालेल, असेल तिथं बघेन." 'असेल तिथं' म्हटल्यावर मोनिकाला पुढं बोलवेना. तिनं फोन ठेवून दिला.

इथवर भानगड घरातली होती. पण गावात दूध संकलन केंद्र नावाची एक जागा असते. तिथं सकाळी दुधाची फॅट लागायच्या आत बातमीला फॅट लागते. शुक्रवारी केंद्रावरून बातमी निघाली, ती अशी: आसारामनं आप्पासाहेबांना मुरघासात गाडलं.

आप्पासाहेब म्हणजे गावाचे भावी सरपंच. गेली अकरा वर्षं ते भावीच होते. दोनदा पडले, पण फ्लेक्समध्ये कधी खंड पडू दिला नाही. मोनिकाच्या चित्रातला निम्मा माल त्यांच्याच वाढदिवसांचा होता. आप्पासाहेब बुलेटवरून थेट खड्ड्यावर आले.

"आसाराम! माजे फोटू मातीत घातले म्हनं तू? जित्या मानसाला पुरतो व्हय रं?"

"आप्पासाहेब, तुमाला कोन पुरतंय? पोरीनं चित्र केलंय बुद्धाचं. त्यात तुमच्या फ्लेक्सचं तुकडं हायेत."

"बुद्धाचं?" आप्पासाहेब जरा निवले. "मग माजा चेहरा कुटं घेतलाय? कपाळावर का छातीवर?"

मोनिका पुढं झाली. "काका, चेहरा नाही घेतला. चेहरे कुणाचेच नाहीत घेतले. तुमचे गॉगल घेतलेत, केसांना. साखळ्या घेतल्या, आणि जोडलेले हात घेतलेत, कमळाला."

"म्हंजे चेहरा सोडून समदं घेतलं?"

"हो."

"आगं, मतं चेहऱ्यावर पडत्यात!" आप्पासाहेब भडकले. "उगड खड्डा! माजं मला काडून दे!"

"खड्डा उगडनार न्हाई," आसाराम आडवा उभा राहिला. "पोटच्या पोरीसाठी उगडला न्हाई, तुमच्या गॉगलसाठी उगडू?"

प्रकरण हातघाईवर येणार, एवढ्यात सविता सहज बोलून गेली, "रविवारी पुन्याच्या मॅडम येनार हायेत बघायला. पेपरात पन येतंय म्हनं."

"पेपरात?" आप्पासाहेबांनी गॉगल काढला, पुसला, परत घातला. "आसं आदी सांगायचं की वयनी. रविवारची यवस्था माज्याकडं."

ती व्यवस्था पाहून मोनिकानं कपाळाला हात लावला. रविवारी सकाळी खड्ड्याशेजारी मांडव. मांडवात खुर्च्या, टेबल, टेबलावर शाल, श्रीफळ आणि एकाच पाहुणीसाठी बारा हार. वाटेवर भलामोठा फ्लेक्स: 'जागतिक कीर्तीच्या विजयमाला मॅडम यांचे सहर्ष स्वागत'. त्यावर आप्पासाहेब चार फूट, आणि मॅडमचा फोटो न मिळाल्यामुळे मोबाईलवर सापडलेली विजयमाला नावाची कुठलीशी दुसरीच बाई. मुरघास बघायला पुण्याहून कोण येतंय, म्हणून दीड-दोनशे माणूस जमलेलं. सहा गाईसुद्धा गव्हाणीवरून माना लांब करून बघत होत्या.

मॅडम अकराला आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात पळायचे बूट. स्वागताच्या फ्लेक्सकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. "ही कोण?" त्यांनी विचारलं. "तुमीच की," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी शाल घातली. शाल झाली, श्रीफळ झालं, बारा हार झाले. आप्पासाहेबांनी माईक हातात घेतला, तेव्हा मॅडमनी हळूच विचारलं, "मोनिका, चित्र कुठाय?"

मोनिकानं बोट केलं. मॅडमनी पाहिलं. चाळीस टायर.

"टायरचं काम आहे का?"

"नाही मॅडम. टायरच्या खाली."

मोनिकानं सगळं खरं सांगून टाकलं. कागद, आभाळ, बुरशी, पंचेचाळीस दिवस. बोलताना तिनं एकदाही बापाकडे बोट दाखवलं नाही. "झालं," एवढंच म्हणाली. कोणी घातलं ते बोललीच नाही.

मॅडम गंभीर झाल्या. "फोटोवर मी निवडत नाही म्हणाले होते, पण असू दे. अख्ख्या चित्राचा एखादा फोटो तरी?"

"अख्खं कधी उलगडलंच नाही मॅडम. शेड दहा फुटांची आहे."

"म्हणजे हे अख्खं चित्र कुणीच पाहिलेलं नाही? तूसुद्धा नाही?"

"नाही."

मॅडमनी डायरी मिटली. "मग मी काय बघू, बाळ? नाशिकच्या मुलाचं काम चांगलं आहे. मला वाईट वाटतंय, पण..."

"म्या पाह्यलंय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आसाराम मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. चार माणसांत बोलायची सवय नाही, त्यामुळे कान लाल झालेले.

"म्या अख्खं पाह्यलंय," तो म्हणाला. "म्याच घातलं त्ये खड्ड्यावर. पोरगी सांगत न्हाई, पन म्या घातलं. तुमची हरकत नसंल तर दाखवतो."

त्यानं चपला काढल्या, बांधावरून खड्ड्यावर चढला आणि टायरांमधून चालत वरच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"म्या हितं हाय ना, ह्ये त्येंचे केस. समदे काळे गॉगल, येकाला येक लागून. लांबनं वाटतंय खरंच केस हायेत. हितनं दोन पावलं खाली, ह्ये डोळे. मिटलेले. पुरते न्हाई मिटलेले, धार काडताना गाय मिटती तेवडेच. ह्यो उजवा कान. न्हाई, ऱ्हावा, पालथं हाय, म्हंजे ह्यो डावा. कानात ती वायर हाय, आपली पोरं घालत्यात ती. पन गंमत काय, वायर खाली येती, येती, मांडीपत्तुर येती, आन तिला मोबाईलच न्हाई. कशालाच लावलेली न्हाई. तरी त्यो ऐकतोय."

मॅडमनी पायातले बूट काढले आणि बांधावर चढल्या. "पुढं सांगा."

"ह्यो खांदा. भगवा, आन त्यात मदीच 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आसं वाचाया येतं. ह्यो हात, मांडीवर. आन ह्ये खाली, समदं कमळ. हात जोडलेले. दोनशे तरी आसतील. गावात ह्ये हात मतं मागाया जोडत्यात, पन हितं..." आसाराम अडखळला. "हितं ते नुसते जोडल्यात. काय मागत न्हाईत."

आता माणसं एकामागून एक चपला काढून खड्ड्याभोवतीच्या बांधावर चढत होती. आप्पासाहेबही चढले आणि त्यांना राहवेना. "आसाराम, माजे हात कुटं?"

"तुमी त्येच्यावरच हुबं हायसा."

आप्पासाहेब टुणकन बाजूला झाले.

"खोटं कशाला बोलू," आसाराम मॅडमना म्हणाला, "आदी म्या फ्लेक्स म्हनूनच वडून आनलं. जमिनीवर पसारलं, भोकंबिकं हायेत का बघाया टॅक्टरच्या ट्रॉलीवर चडलो. आन वरनं बघतो तर... बाई, बुद्ध बसलेला! समदी खालनं आरडत हुती, आसाराम, थेंब पडाया लागलं! मला काय ऐकूच येईना. पाच-धा मिंटं बघत हुबा. म्हनलं, ह्ये आपल्या पोरीनं केलंय? ज्येला आपन चिंध्या म्हनलो त्ये ह्ये? आन म्हनूनच पालथं घातलं. त्या तोंडावर टायर ठिवाया हात हुईना माजा. म्हनलं, तोंड चाऱ्याकडं आसू दे. गाईच्या घासाकडं बघत बसंल."

"इतकं कळालं हुतं," खालून सविता ओरडली, "तर झाकलं कशाला?"

"पाऊस आल्ता की गं! कुट्टी भिजली आसती!"

दीडशे माणूस खो खो हसलं. मोनिका तेवढी हसत नव्हती. ती तोंडावर ओढणी धरून हमसाहमशी रडत होती. आपलं चित्र जगात पहिल्यांदा कुणी पाहिलं, आणि पाहणारा हा माणूस होता, याचा तिला इतका आनंद झाला की दूध संघाची नोकरी, पुणे, नाशिक सगळं क्षणभर पुसून गेलं.

आसाराम चालला तशाच मॅडम केसांपासून कमळापर्यंत टायरांमधून चालत गेल्या. मग त्यांनी विचारलं, "पंचेचाळीस दिवस कधी भरतात?"

"बावीस नोव्हेंबरला."

"प्रदर्शन बारा डिसेंबरला आहे." त्यांनी डायरी उघडली आणि टायरवर टेकून नाव लिहिलं. "पंचवीस वर्षांत मी न बघता एकही चित्र निवडलं नाही. आणि आजही न बघता निवडत नाहीये. मोनिका, तुझं बारावं नाव."

आप्पासाहेबांनी आधीच आणून ठेवलेली फटाक्यांची माळ लावली. गाई बुजल्या, एक हार तुटला, आणि सविता त्या धुरातच आप्पासाहेबांच्या अंगावर धावून गेली, कारण गाभण गाईजवळ फटाके वाजवायचे नसतात. पण त्या दिवशी कुणाचा राग टिकत नव्हता.

बावीस नोव्हेंबरला खड्डा उघडला. आसारामनं आधी मूठभर मुरघास नाकाशी नेला, आंबूसगोड वास घेतला आणि डोळे मिटले. बुरशीचा ठिपकाही नव्हता. फ्लेक्स धुऊन पुसून रानात पसरला, तेव्हा त्यानं मोनिकाला हात देऊन ट्रॉलीवर चढवलं. "बग आता," तो म्हणाला. मोनिकानं पाहिलं. दीड वर्ष जे घडी घडीनं केलं, ते एका नजरेत समोर आलं, आणि तिच्या तोंडून नुसतं "अगं बाई!" एवढंच निघालं.

पुण्यात त्या चित्रासमोर सगळ्यात जास्त गर्दी झाली. लोक जवळ जायचे, वास घ्यायचे, "काहीतरी आंबलंय का?" म्हणायचे. आसाराम फेटा बांधून तिथंच उभा असायचा आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा. शेवटच्या दिवशी एका मोठ्या संग्रहालयाचे संचालक आले. चित्र आम्हाला कायमचं द्या, म्हणाले. मोनिकाचा आनंद पोटात मावेना. तिनं बापाकडे पाहिलं.

"कायमचं?" आसाराम म्हणाला. "त्ये न्हाई जमायचं. पुडल्या आक्टोबरला आमाला लागंल."

"लागेल? कशासाठी?"

"मुरघासाला. आवो, येवढा झ्याक मुरघास जन्मात कधी उतरला न्हाई माजा. आता दुसऱ्या कागदावर माजा इश्वास न्हाई."

संचालकांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. त्यांनी मोनिकाकडे पाहिलं.  संग्रहालय हातचं जाईल, हे तिला दिसत होतं. ओढणी खांद्यावर नीट घेत ती म्हणाली, "नाना म्हणतात तसं, सर. दर वर्षी पंचेचाळीस दिवस चित्र गावी येईल. कबूल असेल तर घ्या."

संचालक दोन दिवस विचारात पडले. तिसऱ्या दिवशी करारावर सही झाली, त्यात मुरघासाचं कलम स्वतंत्र आहे.

आता ऑक्टोबर आला की संग्रहालयाची गाडी चित्र घेऊन गावात येते. हातमोजे घातलेली दोन माणसं ते उतरवतात आणि आसारामच्या हुकमानं पालथं घालतात. टायर उचलायला आप्पासाहेब जातीनं हजर असतात. संग्रहालयाच्या दालनात तेवढे दिवस एक बावीस फुटी भिंत मोकळी असते. माणसं तिकीट काढून येतात, मोकळ्या भिंतीसमोर उभी राहतात आणि मधोमध लावलेली छोटी पाटी वाचतात: 'चित्र कामावर गेले आहे.'